उस्तादांचा शब्द

"मग काय लिहू, उस्ताद? बटण की खटका?" साहेबांनी पेनाचं टोपण काढत विचारलं.

शस्त्रागाराच्या लांब टेबलावर दोन रिकामी पिस्तुलं ठेवली होती. एकाचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, मुठीवरच्या बटणाने सुटायचं. पिस्तूल धरलेल्याच हाताच्या अंगठ्याने दाबलं की पेटी खाली. दुसऱ्याचा खटका मुठीच्या तळाशी होता. तो दुसऱ्या हाताने मागे ओढून त्याच हाताने पेटी उपसून काढायची. यातलं एक सगळ्या पोलीस दलाला मिळणार होतं. एकतीस वर्षं पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्या उस्तादांच्या शब्दाबाहेर साहेब जाणार नव्हते.

"खटका," उस्ताद म्हणाले. "बटण चुकून दाबलं जातं, साहेब. ऐन वेळी पेटी रस्त्यावर पडायची, आणि आपला माणूस बसायचा हात चोळत."

हे अगदीच खोटं नव्हतं, आणि म्हणूनच इतकं सहज तोंडातून निघालं. खरं कारण त्यांनी उजव्या खिशात घालून ठेवलं होतं. दोन वर्षांपासून खिशातल्या त्या हाताच्या अंगठ्यात जोरच उरला नव्हता. घरी बायको न विचारता डब्यांची झाकणं उघडून देई. इथे कोणी बघत नसलं की उस्ताद पिस्तूल टेबलाच्या कडेवर टेकवून बटण दाबत. ही गोष्ट फुटली तर हत्यारांवरून हात काढून त्यांना कागदपत्रांच्या खोलीत बसवतील, आणि तिथे निवृत्तीपर्यंत माशा मारायच्या.

चाचणीसाठी बोलावलेल्या महिला शिपायाने दोन्ही पिस्तुलं दहा-दहा वेळा हाताळली होती. ती घसा साफ करत म्हणाली, "साहेब, लहान तोंडी मोठा घास होतोय, पण खटक्यात दुसरा हात अडकतो. तो नवी पेटी काढायला मोकळा हवा. समोरचा काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

"चार दिवसांची नोकरी तुझी," उस्ताद कडाडले. "मला शिकवतेस?"

"नाही, उस्ताद." ती गोरीमोरी झाली. "हे तुम्हीच शिकवलंत. पहिल्याच दिवशी."

उस्तादांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मुलगी मात्र पुढे म्हणाली, "पण तुम्ही म्हणताय म्हणजे माझंच काहीतरी चुकत असणार." तिने खटक्याचं पिस्तूल पुन्हा उचललं, खांदे सरळ केले आणि आपली नसलेली चूक शोधायला लागली. एकदा, दोनदा, तीनदा. साहेब लिहायलाही लागले होते.

"थांबा, साहेब," उस्ताद म्हणाले. "खोडा ते."

"का हो?"

"मी माझ्या सोयीचं सांगितलं. पोरांच्या नाही. माझा अंगठा गेलाय."

साहेब हसले. "काहीतरीच काय, उस्ताद! परवाच तर माझं पिस्तूल खोलून दिलंत."

सांगून पटणार नव्हतं. उस्तादांनी खिशातून हात काढला आणि बटणाचं पिस्तूल उचललं. टेबलापासून मुद्दाम दोन पावलं मागे सरले. अंगठा बटणावर ठेवून दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. मनगट थरथरायला लागलं, मानेवर घाम आला, बटण जागचं हललं नाही. कुणी दुसरीकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं, पण दोघंही तिथेच बघत होते. शेवटी त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उजव्यावर ठेवला आणि लहान मूल दाबतं तसं दोन्ही अंगठ्यांनी दाबलं.

पेटी फरशीवर पडली.

मुलगी उचलायला वाकली.

"राहू दे, पोरी," उस्ताद म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकवून स्वतःच सावकाश खाली वाकले.