एका पानाभोवती चौघं

तिचं दुकान होतं जुने कपडे उसवून अंगाबरोबर करून देण्याचं, पण ओळखीचे सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. कारण गेली अकरा वर्षं ती तीन माणसांच्या मागे हात धुऊन लागली होती. एक तिची धाकटी जाऊ, एक दातांचा डॉक्टर आणि एक बसड्रायव्हर. चौघांनी मिळून सहाशे वर्षांपूर्वीच्या, चर्चमधल्या प्रार्थना गायच्या. चार गळे, चार वेगळ्या चाली, सगळ्या एकाच वेळी. बरं, ऐकायला कोण? तर डॉक्टरची बायको, तीही पलीकडच्या खोलीतून, दार लोटून घेऊन.

पहिली दोन वर्षं नुसती भांडणात गेली. प्रत्येकाच्या हातात आपापली झेरॉक्स, आणि तिसऱ्या ओळीला सगळा विचका ठरलेला. खापर दरवेळी बिचाऱ्या ड्रायव्हरवर. मग एकदा मूळ हस्तलिखिताचे फोटो बघताना मास्तरीणबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. चारही चाली एकाच भल्यामोठ्या जोडपानावर लिहिल्या होत्या. म्हणजे ती जुनी माणसं एका पानाभोवती दाटीवाटीनं उभी राहत असणार. श्वास कुठं घ्यायचा हे कागदावर नव्हतंच, ते शेजारच्याच्या खांद्याकडं बघून कळायचं. तिनं टेबलाएवढ्या कागदावर सगळं हातानं उतरवून काढलं, आणि त्या आठवड्यात गाणं पहिल्यांदा शेवटापर्यंत पोचलं. जाऊ रडली. डॉक्टरही रडला, पण त्यानं सर्दीचं नाव पुढं केलं.

आणि आता एका मोठ्या सभागृहानं त्यांना बोलावलं होतं. तीनशे खुर्च्या. या प्रार्थना जशा होत्या तशा माणसांच्या कानांवर पडाव्यात, एवढीच तिची आयुष्यभराची हौस, आणि तिच्यासाठी पुन्हा कुणी दार उघडेल याची काही खात्री नव्हती. सभागृहाचा व्यवस्थापक बोलायला गोड, पण स्वतःचंच खरं करणारा. आजच्या लोकांना हे असं कोरडं पचत नाही, म्हणाला. चौघांनी लांब लांब, चार माईकपुढं, प्रेक्षकांकडं तोंड करून उभं राहायचं आणि मागं स्पीकरवर त्याचं तयार संगीत, ढोलासकट. तिनं साफ नाही म्हणून सांगितलं. बघू, म्हणून तो हसला.

रविवारी दुपारी पडदा उघडला. चौघं मधोमध पानाभोवती गोळा झाली, दोघांची तर सरळ लोकांकडं पाठ. चार खांदे एकदम वर झाले आणि तेवढ्यात स्पीकरवर ढोल सुरू झाले.

तिला असा काही राग आला की कानशिलं तापली. तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. एक मिनिट गेलं, दोन गेली. लोक चुळबुळू लागले, पहिल्या रांगेतलं एक जोडपं उठून गेलं. जाऊ कानाशी लागली, "ताई, गाऊन टाकू या. अकरा वर्षं घासली आपण."

"म्हणूनच नाही गायचं," ती म्हणाली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "जा, ती वायर उपटून टाका."

ड्रायव्हर शांतपणे गेला आणि त्यानं वायर उपटली. ढोल बंद, माईकही बंद.

मास्तरीणबाई लोकांकडं वळली. मागच्यांना आता ऐकू जाणार नाही, तिनं सांगितलं. ज्यांना ऐकायचंय त्यांनी वर येऊन जवळ उभं राहावं, बाकीच्यांनी खुशाल घरी जावं. बरेच गेले. मग एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पायऱ्या चढले आणि त्यांच्यामागून चाळीसेक माणसं.

चौघं गायली. सात मिनिटं, कुठंही न अडखळता.

शेवटचा स्वर विरतोय तोच व्यवस्थापक गर्दीतून वाट काढत पुढं आला. रागानं लाल झालेला. यापुढं या सभागृहाची पायरी चढायची नाही, त्यानं सगळ्यांदेखत बजावलं.

"नाही चढणार," ती म्हणाली. "पण आज चढलोय ना."

आणि जे उशिरा वर आले होते त्यांचं सुरुवातीचं हुकलं होतं, म्हणून तिनं पुन्हा पहिल्यापासून श्वास घेतला.