दुसऱ्यांदा नापास

परीक्षक बाई गाडीतून उतरल्या आणि कुणाकडेही न बघता ऑफिसात निघून गेल्या. मग केशॉन उतरला. गाडीला वळसा घालून तो शेजारच्या सीटवर जाऊन बसला आणि त्याने पट्टा लावला. बाकावर वाट बघत बसलेल्या प्रेंटिस हॅगूडला यापुढे काही विचारायची गरज नव्हती. लायसन्स मिळालेला पोरगा स्टिअरिंग सोडून असा शेजारी जाऊन बसत नाही.

तरी स्टिअरिंगवर बसता बसता त्याने विचारलंच.

"पुन्हा शंकू पाडलास?"

"नाही."

"सिग्नल तोडलास?"

"नाही."

"मग बाईंना माझी ब्युइक गाडी आवडली नाही का?"

केशॉन खिडकीबाहेर बघत राहिला.

"अरे, तोंड आहे ना तुला? काल पाचही शंकूंमधून लोण्यातून सुरी फिरवावी तशी गाडी काढलीस माझ्यासमोर. आज काय झालं?"

"जाऊ द्या ना, मिस्टर प्रेंटिस."

"कसं जाऊ द्या? कुठे जाऊ द्या?"

प्रेंटिसने गाडी रस्त्यावर घेतली आणि घर येईपर्यंत तो एकटाच बोलत राहिला. तीस वर्षं त्याने क्लीव्हलंडच्या रस्त्यांवर सिटी बस चालवली होती. सरोवरावरून येणाऱ्या बर्फात चालवली, मॅच सुटल्यावर पिऊन आलेली माणसं भरून चालवली, आणि बसला कधी ओरखडा येऊ दिला नाही. त्यांच्या काळ्या लोकांच्या चर्चच्या मंडळात जाणती माणसं तरुण पोरांना हाताशी धरतात. गाडी शिकवायचं खातं पहिल्यापासून प्रेंटिसकडे होतं. आजवर त्याच्या हाताखालचा एकही पोरगा नापास झाला नव्हता, आणि हा दोनदा झाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि आता तो अख्ख्या चर्चला दिसणार होता.

पण नुसतं नाक कापलं जाण्याचा प्रश्न असता तर प्रेंटिसने तेही सोसलं असतं. केशॉनला लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत काम शिकायची उमेदवारी मिळाली होती. असली जागा मिळायला लोक वर्षानुवर्षं खेटे घालतात. कंपनीची व्हॅन चालवायची म्हणून लायसन्स हवंच, आणि पुढच्या मंगळवारपर्यंत ते हातात नसेल तर जागा दुसऱ्याला जाणार, हे कंपनीने स्वच्छ सांगितलं होतं. या पोराला यंत्रांतलं कळत होतं. चर्च गरम ठेवणारी भट्टी गेल्या हिवाळ्यात बंद पडली तेव्हा त्यानेच ती चालू करून दिली होती. आणि आता हा खिडकीबाहेर बघत बसला होता.

शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरात नेहमीप्रमाणे न्याहारी होती. मंडळाचा नियम असा की त्या दिवशी पुरुषांनीच रांधायचं. तव्यावर सॅमन माशाच्या टिक्क्या तळल्या जात होत्या, मोठ्या पातेल्यात मक्याची लापशी रटरटत होती, आणि ब्रदर कर्टिस (चर्चमध्ये एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणायची रीत होती) ती ढवळता ढवळता प्रेंटिसची वाट बघत होता. कर्टिस व्यवसायाने न्हावी, त्यामुळे बातमी त्याच्यापर्यंत परीक्षेच्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळीच पोचली होती.

"या ड्रायव्हरसाहेब," तो म्हणाला. "ऐकलं की तुमचं पोरगं आता पायी लिफ्टी दुरुस्त करणार."

"तू लापशी ढवळ. खाली लागतेय."

"मी म्हणतो, माझ्याकडे दे त्याला. मला बस येत नाही, पण माझी पोरं पास होतात."

"कर्टिस, तुझ्या स्वतःच्या गाडीला एका बाजूचा आरसा नाही."

सगळे हसले. केशॉन नाही हसला. तो ताटली घेऊन टेबलाच्या टोकाला बसला होता. मंडळ चालवणाऱ्या सिस्टर व्हर्नेल त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. त्या चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि त्यांनी विचारलं की पोरंच काय, त्या पोरांचे बापही उत्तर देत.

"केशॉन, परीक्षक बाई काय म्हणाल्या?"

"काही नाही, मॅम."

"मी काय विचारलं?"

केशॉनने काटा खाली ठेवला.

"शंकूंचं बरोबर झालं. मग रस्त्यावर गेलो. तेही बरोबर चाललं होतं. मग मागून पोलिसांची गाडी आली. सायरन, दिवे, सगळं."

तव्याजवळची माणसं इकडे वळली.

"तुझ्यासाठी?" प्रेंटिसने विचारलं.

"नाही. दुसरीकडेच चालली होती. पण मी उजवीकडे घेतली. थांबलो. इंजिन बंद केलं. चारी काचा खाली केल्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, बोटं पसरून."

"बरोबर," कर्टिस म्हणाला. "अगदी बरोबर."

यात काय चुकलं ते तिथे कुणालाच कळेना. या मंडळात गाडी सुरू कशी करायची त्याच्याआधी पोलिसांनी थांबवली तर काय करायचं ते शिकवतात. हात कुठे ठेवायचे, कागद काढण्याआधी तोंडाने काय सांगायचं, आवाज किती ठेवायचा, हे प्रत्येक पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी यायला हवं. प्रेंटिसने तर केशॉनकडून ते पार घोटून घेतलं होतं. पोरगा कंटाळला की तो आणखी एकदा करून घ्यायचा.

"मग पोलिसांची गाडी पुढे गेली?" सिस्टर व्हर्नेलनी विचारलं.

"गेली."

"आणि तू?"

"मी बसून राहिलो."

"किती वेळ?"

"माहीत नाही, मॅम. बाई म्हणाल्या, चला. मग पुन्हा म्हणाल्या, चला. तिसऱ्यांदा त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं."

प्रेंटिसने कपाळावर हात मारून घेतला.

"अरे देवा. अरे, गाडी गेली होती ना? दिसत होतं ना तुला?"

"दिसत होतं."

"मग हात खाली घ्यायचे, गाडी सुरू करायची आणि निघायचं. यात शिकवायचं काय?"

"हात खाली कधी घ्यायचे ते तुम्ही कधी सांगितलंच नाही," केशॉन म्हणाला. तो उलटून बोलत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. "पोलिसाने सांगितल्याशिवाय हलायचं नाही, एवढंच सांगितलंत. तो तर निघून गेला. मग सांगणार कोण?"

प्रश्न साधा होता, म्हणूनच प्रेंटिसला जास्त राग आला.

"सोपं आहे," कर्टिस म्हणाला. "त्याचे दिवे बंद झाले की."

"आणि दिवे बंद करून तिथेच उभा राहिला तर?" मागून कुणीतरी म्हणालं.

"मग तो वळणापलीकडे गेला की."

"मी तर दुसरी एखादी गाडी बाजूने जाईपर्यंत थांबतो."

"मी पन्नासपर्यंत आकडे मोजतो."

"पन्नास कशाला? शंभर मोज. तुला कुठे घाई आहे?"

कोपऱ्यात मिस्टर अलोन्झो कॉफी पीत बसले होते. ऐंशी केव्हाच ओलांडलेले, कधी न बोलणारे. ते म्हणाले,

"मी घरी पोचून गॅरेजचं दार आतून लावलं की."

दोघं-तिघं हसले. मिस्टर अलोन्झो हसत नाहीत हे बघून तेही थांबले. सॅमनच्या टिक्क्या एका बाजूने करपल्या होत्या आणि कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"छान," सिस्टर व्हर्नेल म्हणाल्या. "एवढी मोठी माणसं, आणि एका प्रश्नाला सतरा उत्तरं. मंगळवारी पोराची पुन्हा परीक्षा आहे. प्रेंटिस, उठा. याला पोलीस ठाण्याच्या रस्त्यावर घेऊन जा आणि जमेपर्यंत फिरवा. पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही."

"माझं खाणं व्हायचंय अजून."

"करपलंय ते. उठा."

ठाण्याच्या रस्त्यावर पोलिसांच्या गाड्यांची सारखी ये-जा असते. केशॉन चालवत होता आणि प्रेंटिस शेजारी बसून त्याच्या प्रत्येक वळणाला नावं ठेवत होता. खरं तर पोरगा उत्तम चालवत होता. प्रेंटिसला ते दिसत होतं, आणि म्हणूनच तो जास्त चिडत होता. इतकं सगळं येऊन याची नोकरी जाणार होती, आणि जाणार होती ती प्रेंटिसने शिकवलेलं त्याने शब्द न् शब्द ऐकलं म्हणून.

"हे बघ," तो शेवटी म्हणाला. "एक नियम ठरवून टाकू. गाडी पुढे गेली, चौक ओलांडला, की तू मोठ्याने म्हणायचं, गेली. कुणी सांगायची वाट बघायची नाही. तूच म्हणायचं आणि हात खाली घ्यायचे. बाई हसल्या तर हसू देत."

"मोठ्याने?"

"मोठ्याने. आपल्याच कानांना ऐकू आलं पाहिजे."

"तुम्ही असंच करता?"

"मी तीस वर्षं बस चालवलीय. तू माझं सोड, समोर बघ."

दुसऱ्या फेरीत मागून सायरन आला. केशॉनने सावकाश उजवीकडे घेतली, गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, काचा खाली केल्या आणि हात स्टिअरिंगवर ठेवले. निळा-तांबडा उजेड दोघांच्या तोंडावरून फिरला. पोलिसांची गाडी जोरात बाजूने गेली, चौक ओलांडून गेली, आणि थोड्या वेळाने तिचा आवाजही येईनासा झाला.

केशॉनचे ओठ हलले.

"गेली," तो म्हणाला. मग आणखी मोठ्याने, "गेली."

त्याने एक हात खाली घेतला, मग दुसरा. गाडी सुरू केली, आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, मान वळवून मागे बघितलं. सगळं कसं जिथल्या तिथे. मागचा रस्ता मोकळा होता, तरी तो निघेना.

"आता काय झालं?" प्रेंटिस खेकसला. "रस्ता रिकामा आहे. निघ की."

केशॉन त्याच्याकडे बघत होता.

"मिस्टर प्रेंटिस," तो हळूच म्हणाला. "गेली ती."

प्रेंटिसने खाली पाहिलं. त्याचे दोन्ही हात समोर डॅशबोर्डवर होते, बोटं पसरलेली.

केशॉनने इंडिकेटर तसाच चालू ठेवला आणि तो थांबून राहिला.