मिरची काहून मुरडते

मौद्याचे शेतकरी चंपतराव मागच्या आठवड्यात मिरचीची पानं आकसण्याच्या रोगावरचं पुस्तक न सापडल्यानं आमच्या नागपूरच्या ग्रंथालयातून रिकाम्या हातानं गेले, ते मला फार लागलं. म्हणून ‘वनस्पती-रोगशास्त्र’ या पुस्तकाच्या कार्डावर नावाखाली मी लाल शाईनं लिहिलं, ‘मिरची काहून मुरडते’, आणि तसंच दुसरं कार्ड कार्ड-सूचीतल्या ‘मि’च्या खणात टाकलं.

“कार्डावर ‘का’च्या जागी ‘काहून’?” ग्रंथपाल मधुकरराव कडाडले. “कार्ड नियमानं लिहायचं, पुष्पलता!”

“वरची ओळ नियमाचीच आहे. खालची वाचणाऱ्याची!” मीही भडकले.

तेवढ्यात आज पुन्हा आलेले चंपतराव खणांपाशी ओरडले, “सापडलं जी, बाई! माह्याच तोंडचं लिवलं हाये!”

त्या पुस्तकावर अकरा वर्षांतला पहिला शिक्का मी दणकन मारला.

मधुकररावांनी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढं आपटला. “मग बाकीची पुस्तकं काहून सोडली?”