शिंपले कुणाच्या बाजूला

आठवीपर्यंत मितालीचा आवाज पुढच्या बाकालासुद्धा ऐकू जात नसे. बाई हजेरीला तिचं नाव दोनदा पुकारायच्या, तेव्हा कुठे एक "हजर" यायचं, तेही उंदराच्या आवाजात. नववीत मात्र काय झालं कुणास ठाऊक! एकदा एका तासाला कुणालाच उत्तर येईना, म्हणून ही उठून बोलली आणि नेमकं बरोबर आलं. झालं. त्या दिवसापासून तोंडाचं कुलूप निघालं ते निघालंच. आता रिक्षावाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत ती कुणाशीही वाद घालायची आणि रात्री अंथरुणात पडून तो वाद पुन्हा एकदा, स्वतःच्या आवाजात, मजेत ऐकायची.

शनिवारी शाळा सुटली की कृष्णकांत सरांचा वर्ग असायचा. सर फौजेतून निवृत्त होऊन पनवेलला राहायला आलेले. तलावाजवळच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये ते मुलांना युद्धांचा इतिहास शिकवायचे. त्या शनिवारी त्यांनी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: आपल्याच देशातल्या बंडखोरांनी जंगलात लपून लढायचं ठरवलं, तर आजच्या फौजेपुढे ते जिंकतील का?

"नाय चान्स, सर," दीपेश बसल्या बसल्याच बोलला. वर्गात पहिला नंबर त्याचा, आणि तो ते कुणाला कधी विसरू देत नसे. "घोड्यांच्या काळात ठीक होतं ते. आता वर ड्रोन असतो. जंगलात चूल पेटवली तरी त्याला कळतं. मोबाईल चालू केला की विषय संपला."

"मग मोबाईल चालूच करायचा नाही!" मिताली म्हणाली.

"कोण, तू? तू मोबाईल बंद ठेवणार?"

सगळे हसले. मितालीही हसली, पण मागे हटली नाही. "अरे, केवढाल्या फौजा डोंगरातल्या पोरांना कंटाळून परत गेल्यात. वाच जरा."

"कुठे परत गेल्या?" सरांनी विचारलं.

"आपापल्या देशात, सर."

"आणि फौज त्याच देशाची असेल तर? ती कुठे परत जाईल?"

हा मुद्दा मितालीच्या ध्यानातच आला नव्हता.

"खेळून बघू," सर म्हणाले. "जो जिंकेल तो पुण्याच्या स्पर्धेत आपल्या टीमचा कॅप्टन."

आता मात्र मितालीचे कान टवकारले. पुण्याची आंतरशालेय वादविवाद स्पर्धा, मोठं सभागृह, माईक! गेल्या वर्षी तिनं या स्पर्धेला नावसुद्धा दिलं नव्हतं. या वर्षी तिला कॅप्टनच व्हायचं होतं, आणि तेही दीपेशच्या नाकावर टिच्चून.

सरांनी जुनी चादर पसरली. तिच्यावर कुठेच नसलेल्या एका देशाचा नकाशा रंगवलेला होता: एक राजधानी, एक घाट, घाटाखाली जंगल, समुद्राकाठी एक बंदर-गाव आणि समोर एक बेट. बटणं म्हणजे फौज, चिंचोके म्हणजे बंडखोर आणि शिंपले म्हणजे लोक. दोन पावसाळे नकाशावर टिकले तर बंडखोर जिंकले. नाही टिकले, तर फौज जिंकली.

"बटणं माझी," दीपेश म्हणाला.

"चिंचोके माझे!"

"आणि लोक कोण खेळणार?" सरांनी विचारलं. कुणाचा हात वर होईना. लोक खेळण्यात काय मजा? नुसतं बसायचं आणि जेवण द्यायचं.

"भावना खेळेल, सर!" मितालीनं परस्पर सांगून टाकलं. "ती माझीच आहे."

भावना खिडकीपाशी बसली होती. ती उरणजवळच्या मोऱ्याची, तिचे बाबा दयाराम मासेमारीच्या होडीवर असायचे. शाळेसाठी ती पनवेलला आत्याकडे राहायची आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं घरी जायची. मितालीचा आवाज पुढच्या बाकाला ऐकू जात नव्हता तेव्हाही तो शेजारी बसून ऐकणारी तीच. तिनं मितालीकडे एकवार पाहिलं, उठली आणि शिंपल्यांचा डबा घेऊन समुद्राच्या कडेला मांडी घालून बसली.

खेळ सुरू झाला. दीपेशनं पहिलीच चाल भरतीची केली. "गावातून पोरं घेतो. पगार देतो." भावनानं मान डोलावली आणि मूठभर शिंपले त्याच्याकडे सरकवले. बटणांच्या रांगेत ते शिंपले उगाच वेगळे दिसत होते, पण दीपेशला त्याचं काय! त्याची फौज फुगली. त्यानं सगळी बटणं राजधानीच्या पहाऱ्याला लावली आणि नव्या भरतीला घाटात पुढे धाडलं.

मिताली याचीच वाट बघत होती. तिनं चिंचोके झाडीत दडवले, फौज वळणावर येऊ दिली आणि झडप घातली. सरांनी फासा टाकायला सांगितला. सहा पडले! घाटातली निम्मी तुकडी साफ.

"गेले, गेले, गेले!" मिताली चक्क उड्या मारत नाचली. "कुठंय तुझा ड्रोन? चार्जिंगला लावलाय का?"

मुलांनी टाळ्या पिटल्या. सरांनी मेलेले शिंपले उचलून बाजूला ठेवले. भावनानं टाळी वाजवली नाही.

आता पुढची चाल मितालीनं मनात कधीच रचली होती. हल्ला केला की गायब व्हायचं, बंदरातून होड्यांनी समोरच्या बेटावर. ड्रोन जंगलावर फिरत बसेल आणि ती बेटावर मासळी खात असेल. तिनं चिंचोके ऐटीत धक्क्यावर आणून ठेवले. "भावना, होड्या दे."

"सर, आता कुठला महिना?" भावनानं विचारलं.

"पहिला पावसाळा चालू आहे."

"मग होड्या बंद. नारळी पुनवेपर्यंत काठावर ओढलेल्या असतात. जाळी शिवायचं काम चाललंय."

"अगं, खेळातल्या आहेत त्या!"

"तुज्या खेळातल्या. माज्या गावातल्या नाय."

हॉल हसण्यानं दणाणला. शाळेत भावना अगदी पुस्तकी बोलायची; घरची बोली आली म्हणजे ती खरंच रागावलेली आहे, हे एकट्या मितालीला ठाऊक होतं. पण तेव्हा ते तिच्या डोक्यात शिरलं नाही, कारण दीपेशनं ड्रोन काढला होता. ड्रोन म्हणजे त्याचं पांढरं खोडरबर. उघड्या धक्क्यावर रांगेत उभे चिंचोके. एका फटक्यात पुष्कळ गेले. उरलेले मितालीनं कसेबसे परत जंगलात नेले.

"चार्जिंग झालं बरं का, जंगलच्या महाराणी!" दीपेश म्हणाला.

सर चहाला खाली गेले तशी मितालीनं भावनाला गॅलरीत गाठलं.

"तू माझ्या बाजूची आहेस ना? मग हे काय केलंस? होड्या खरंच बंद असतात?"

"मोठ्या बंद असतात," भावना म्हणाली. "खाडीतून छोटी होडी जाते. तुला दिली नाही."

"का?"

"घाटात कोण मेलं?"

"फौज."

"शिंपले मेले. माझ्या गावचे. दीपेश मघाशी घेऊन गेला ना, तेच. आणि तू नाचलीस." ती खालच्या रस्त्याकडे बघत होती. "कल्पेश असाच गेलाय. भरती निघाली, धावला, पास झाला. त्याला का कुणी विचारलं, कुणाशी लढशील म्हणून?"

कल्पेश तिचा थोरला भाऊ. तो ट्रेनिंगला निघाला तेव्हा मोऱ्याला बँडबाजा लागला होता, आणि त्या बँडपुढे मिताली, अजून कुणाशी धड बोलत नसतानाही, पोटभर नाचली होती. तिचे कान गरम झाले.

"मला दिसलंच नाही ते," ती म्हणाली. "मला वाटलं, गाव म्हणजे आपलंच. आम्ही तुमच्यासाठीच लढतोय की."

"असं तू म्हणतेस. तू रात्री येणार, जेवून जाणार. सकाळी फौज येऊन विचारणार, कोण जेवलं? तेव्हा तू कुठे असतेस? जंगलात."

"मग गावाला काय हवंय?"

भावनानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "हे आता विचारतेस व्हय? गावाला मासळी वेळेत बाजारात न्यायचीय. आणि पोरं जिवंत परत यायला हवीत. दोन्हीकडची."

खालून सरांच्या चपला वाजल्या.

दुसरा पावसाळा. मितालीकडे मोजकेच चिंचोके उरले होते. टिकून राहायचं, बस्स. दीपेशही काही खुळा नव्हता. "मी जंगलात शिरतच नाही," तो म्हणाला. "गाव पेटवतो. जेवण बंद झालं की येशील बाहेर." त्यानं शिंपल्यांची मोठी तुकडी घाटातून बंदराकडे सोडली. बटणं राजधानी सोडून हलवायला तो तयार नव्हता.

तुकडी पुन्हा त्याच वळणाखाली आली. वर झाडीत चिंचोके. फासा मितालीच्या हातात. पुन्हा एक झडप, आणि पावसाळा संपेपर्यंत दीपेशला नवी फौज उभी करता आली नसती. कॅप्टनपद हातभर अंतरावर होतं.

"मार! मार की!" मागून मुलं ओरडत होती.

मितालीनं फासा खाली ठेवला. "सर, मला फौजेला निरोप द्यायचाय."

"दे."

"तुमच्यातला जो बंदूक खाली ठेवेल, त्याला आम्ही हात लावणार नाही. त्यानं खुशाल घरी जावं."

"वा वा!" दीपेश म्हणाला. "आणि घाटात काय झालं ते विसरले वाटतं सगळे?"

"नाय विसरले," भावना म्हणाली. मग ती मितालीला म्हणाली, "झाडामागून निरोप देनाऱ्यावर कोन विश्वास ठेवील? आधी बाहेर ये."

मितालीनं चिंचोक्यांकडे पाहिलं. झाडीत होते तोवर ते सुरक्षित होते. मग तिनं एकेक करून सगळे उचलले आणि गावाच्या वेशीवर, उघड्या रस्त्यावर आणून ठेवले.

"झाडा गोळ्या!" दीपेशनं हुकूम सोडला.

"हुकूम तुझा," सर म्हणाले. "पण शिंपले तो पाळतील की नाही, हे लोक ठरवतील. भावना?"

भावना चादरीवर वाकली. मग एकेक शिंपला बोटानं सरकवू लागली. "हा घरी गेला. हा पन गेला. ह्याची आई दारात उभी हाय, हा गेला." मग काही तिनं तिथेच राहू दिले. "हे नाय गेले. ह्यांचे सोबती घाटात मेलेत. हे गोळी झाडनार."

मितालीला वाटलं होतं, सगळे जातील. बरेचसे चिंचोके सरांनी उचलले. पण तुकडी अर्धी झाली होती, आणि अर्ध्या तुकडीनं गाव पेटवता येणार नव्हतं.

दीपेशनं खोडरबर उचललं.

वेशीवर राहिलेले चिंचोके, घरांत परतलेले शिपाई, सगळे एका जागी. एक फटका, आणि खेळ त्याचा.

"सर, ड्रोन टाकला तर मी जिंकतो ना?"

"जिंकतोस."

त्यानं खोडरबर गावावर धरलं. हात खाली येईना. भावना नुसती मांडी घालून त्याच्यासमोर बसून राहिली. मागची मुलंही ओरडायची थांबली होती.

"माझीच फौज आहे हो यांच्यात," तो पुटपुटला. मग चिडून त्यानं खोडरबर कंपासपेटीत टाकलं. "जाऊ दे. टाकला तर तुम्ही सगळे सोमवारी मला शिव्या घालाल."

"पावसाळा संपला," सर म्हणाले. "बंड शिल्लक आहे."

टाळ्या झाल्या, पण मिताली नाचली नाही. "सर, म्हणजे मी जिंकले?"

"नियमानं जिंकलीस."

"दीपेशच्या जागी दुसरा कुणी असता आणि त्यानं टाकला असता तर?"

"तर हरली असतीस. टाकणारे पुष्कळ असतात, बाळ." सर चादरीची घडी घालता घालता थांबले. "मी नोकरीत होतो तेव्हा मला बंदुकांची भीती कमी वाटायची. आपला हुकूम ऐकून शेजारचा जवान क्षणभर थांबला, की भीती वाटायची. दीपेश, तुझी फौज आज थांबली. मिताली, ती सगळी का नाही थांबली, ते तुला माहीत आहे."

"हो, सर."

"कॅप्टन तू. टीममध्ये कोण हवं ते सोमवारी सांग."

मितालीच्या जिभेवर एक नाव आलं होतं. ते तिनं गिळलं, कारण भावना दप्तर उचलून केव्हाच जिना उतरली होती.

एसटी स्टँडवर उरणची गाडी लागलेली. भावनानं खिडकीजवळची जागा धरली होती. मिताली धापा टाकत खिडकीखाली येऊन उभी राहिली.

"बोलणार आहेस का माझ्याशी?"

"बोलतेय ना."

"पुण्याला टीममध्ये येशील? मी अजून सरांना काही सांगितलेलं नाही."

भावनानं खिडकीच्या गजावर हनुवटी टेकवली. "दीपेशला घेणार आहेस?"

"घ्यावं म्हणते. टाकला नाही त्यानं."

"हं." कंडक्टरनं घंटी दिली, गाडी हलली. "घरी विचारते. सोमवारी सांगते तुला."

"हो तर सांग, नाही तरी सांग!" मिताली गाडीबरोबर चार पावलं चालली.

"सांगते म्हटलं ना गं!" भावना ओरडली. एवढं मोठ्यानं तिला ओरडताना मितालीनं कधीच ऐकलं नव्हतं.

गाडी स्टँडबाहेर वळली. मितालीनं सवयीनं मोबाईल काढला, मेसेज लिहायला घेतला, अर्ध्यावर पुसून टाकला आणि घराच्या वाटेला लागली.