हॉट प्रेसमधला उखाणा

"आजी, लाटणं थांबव ना जरा. माईकमध्ये ठकठक येते," निहारिका कपाटातून ओरडली.

"मग रात्री माईकच खा," असं म्हणून मी गॅस बंद केला.

कपाट म्हणजे हॉट प्रेस. आत गरम पाण्याची टाकी, वर फळ्यांवर टॉवेल. डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनच्या या घरांत असतंच ते. टॉवेलांमुळे आवाज घुमत नाही म्हणे, म्हणून माझी नात मागचा अख्खा हिवाळा त्यात बसून गात होती. तेही फ्रेंचमध्ये. शाळेत शिकली होती. आईबापाशी इंग्रजी, माझ्याशी तेवढं मोडकं मराठी.

"दोन भाषा येतात, तिसरी कशाला गं?" मी एकदा विचारलं होतं.

"घरात कुणाला कळत नाही म्हणून."

 मी चौथीपर्यंतच शिकले, पण एवढं मला कळतं. बोलायचं तर असतं, घरच्यांना ऐकवायचं नसतं.

त्याच हिवाळ्यात एकदा टॉवेल ठेवायला गेले. दिवसभर जिने चढून गुडघे गेले होते. टाकीला पाठ लावून जरा टेकले. ऊब बरी वाटली.

"आजी, काहीतरी जुनं म्हण. आवाज चेक करते."

मी म्हटलं:

चुलीवर ठेवलं पाण्याचं आधण,
रविकांतरावांचं नाव हेच माझं आंदण.

माझ्या लग्नातला उखाणा. माहेरनं साधा तांब्या दिला नव्हता. नणंदेनं दार अडवलं, सासू म्हणाली, "आंदण काय आणलंस?" तिथल्या तिथे जुळवला. सासूचं तोंड मिटलं आणि हे खाली मान घालून हसले. त्यानंतर पन्नास वर्षांत यांचं नाव माझ्या तोंडी नाही. हे गेले तेव्हा दवाखान्याच्या खिडकीवरच्या माणसानं नाव विचारलं, तरी फुटलं नाही. माझ्या मुलानं, नरेंद्रनं सांगितलं. आणि विधवेनं तर उखाणा घ्यायचाच नसतो. पण या परक्या देशात, कपाटात, कोण ऐकणार? माणूस दमला की जीभ सैल होते.

वसंतात अल्बम आला. नऊ गाणी. पॅरिसच्या रेडिओवर वाजला, मग बेल्जियमच्या. नरेंद्र जेवताना आकडे सांगायचा. "आई, चाळीस लाख वेळा ऐकलंय लोकांनी!" ग्रँड कॅनाल डॉकच्या त्याच्या ऑफिसातले लोक त्याच्याबरोबर फोटो काढायला लागले, जसा काही हाच गायलाय. मी ऐकला नव्हता. घरातली भांडी चाळीस लाखांतलं कुणी आवरायला येत नव्हतं.

मग एका शनिवारी दुकानात शेजारची चित्रा भेटली. "काय हो काकू! आमच्या हळदीकुंकवाला बोलावलं तर येत नाही, आणि सगळ्या फ्रान्सला उखाणा ऐकवता!"

हातातली कोथिंबीर तिथेच ठेवून घरी आले. अंगातला कोटही काढला नाही. निहारिकाला समोर बसवलं.

"लाव."

आधी माझा आवाज. मागे टाकी गुरगुरत होती, तीसुद्धा आली होती. मग पोरीचं फ्रेंच. आणि मग ढोलावर तिचंच एकदम रविकांत, रविकांत, रविकांत.

"कुणाला विचारलंस?"

तिचा चेहरा उतरला. "सॉरी, आजी. आजोबांचं नाव आहे हे माहीत होतं. तू ते घेतच नाहीस, हे नव्हतं माहीत." मग म्हणाली, "पुढच्या महिन्यात याच अल्बमची नवीन आवृत्ती निघते. त्यातून काढते. प्रॉमिस."

"अगं, तेच गाणं तर चाललंय!" नरेंद्र मध्येच बोलला. "आई, आता काढलं तर..."

"तू गप. बापाचं श्राद्ध विसरणाऱ्यानं मला सांगू नये." मी पोरीकडे वळले. "त्या फ्रेंचमध्ये काय म्हणतेस तू?"

"एका मुलीकडे काहीच नसतं. फक्त एक नाव असतं. ती ते कपाटात जपून ठेवते."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि माझ्या लग्नातलं मीही तिला कधी सांगितलं नव्हतं.

एसटीच्या डेपोत बसखाली पडून दुरुस्त्या करण्यात यांचा जन्म गेला. साहेब लोक 'ए मिस्त्री' म्हणायचे, घरात मी 'अहो' म्हणायचे. नावानं हाक मारणारी एक आई, ती यांच्या आधीच गेली. बाकी नाव होतं ते पगाराच्या कागदावर.

मी कोट काढला.

"काढू नकोस," म्हटलं. "पण राव लाव."

"आजी, ते चालीत नाही बसत."

"मग चाल बदल. माझा नवरा आहे तो, तुझ्या वर्गातला पोरगा नाही."

तिनं गुणगुणून पाहिलं. दोनदा, तीनदा. "मला नाही जमत तसं. तुझ्यासारखं नाही येत ते राव." मग हळूच, "तू म्हणशील?"



मी कपाट उघडून खालच्या फळीवरचे टॉवेल बाजूला केले आणि गुडघे धरत टाकीशेजारी बसले. निहारिकानं माईक माझ्या तोंडाशी आणला. मी डोक्यावरून पदर घेतला, दोन्ही कान झाकतील असा.

"आजी, नुसता आवाजच जातो. कुणी बघत नाहीये."

"तू दार लाव," मी म्हटलं.