बशीतली धडधड

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. कारखान्यात माझी भिंगे बसवणाऱ्या कारागिराने स्वतःच्या सदऱ्याचा धागा माझ्याखाली धरला, पाहिला आणि म्हणाला, "झकास!" ती माझी पहिली शाबासकी.

मग मी प्रयोगशाळेत आलो. तिथल्या शास्त्रज्ञ बाईंच्या थोरल्या भावाचे हृदय आजारपणात दुबळे झाले होते. त्याच्याच कातडीच्या पेशीपासून हृदयाच्या नव्या पेशी घडवायच्या, असे बाईंनी मनावर घेतले. काम भलतेच नाजूक. एखाद्या स्त्रीने दान दिलेल्या बीजांडातले केंद्रक, म्हणजे पेशीचा कारभार पाहणारा भाग, बारीक सुईने काढायचे आणि तिथे भावाच्या पेशीचे केंद्रक ठेवायचे. बाई श्वास रोखून सुई चालवायच्या. मी डोळ्यांत तेल घालून पाहायचो.

एकीच्या दोन पेशी व्हायच्या, दोनाच्या चार, आणि मग सारे थंड! बीजांडे मिळायची मोजकीच. त्यात लोक म्हणायचे, "या बाई माणसांच्या हुबेहूब नकला बनवतायत!"

"आम्हाला माणूस नाही, औषध बनवायचंय," बाई सांगायच्या. बीजांड देणाऱ्या बायकांना त्रास तर होणार नाही ना, अशा काही शंका रास्तही होत्या. त्या बाई नीट ऐकून घ्यायच्या.

पुढे पेशी थेट पडद्यावर दाखवणारे नवे यंत्र आले आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

अखेर पेशी तग धरू लागल्या. त्यांतून हव्या त्या अवयवाच्या पेशी घडवणाऱ्या मूलपेशी मिळाल्या, आणि त्यांपासून हृदयाच्या पेशी! बाईंनी भावाला बोलावले.

"पडद्यावर काय, सिनेमाही दिसतो," दादा म्हणाला. "मला भिंगातून बघू दे."

झाले! मला पुसून टेबलावर आणले. दादाने डोळा लावला. काचेच्या बशीत चिमुकल्या पेशी एका तालात धडधडत होत्या.

"अगं छकुले, या माझ्याच ना? मग माझ्यापेक्षा जोरात कशा पळतायत?"

बाई हसता हसता रडल्या. "दादा, इतक्यात या तुझ्या छातीत नाही घालता येणार. तिथे त्या नीट वागतील का, हे तपासायला वर्षं लागतील."

"लागू देत! तोवर मी भेटायला येत जाईन."

आणि तो येतो. मी पुन्हा कामाला लागलो आहे.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटात माझा एखादा भाऊबंद धूळ खात असेल. त्याला बाहेर काढा, मऊ कापडाने पुसा, कांद्याचा पापुद्रा ठेवून डोळा लावा. लगेच काही दिसले नाही, तरी वैतागू नका. आमच्या बाईही वैतागल्या नाहीत.