हुसेनतात्यांचा वाटा

सारजानं कालवणाच्या पातेल्यावर झाकण आपटलं. ओसरीवर पुण्याची पाहुणी, शमशाद इनामदार, स्वतःचा डबा सोडत होती. सकाळी सारजाच्या लेकाच्या, मल्हारच्या होडीतून नवरा आणि मुलीसह तिनं भिगवणच्या पाण्यावरचे रोहित पक्षी पाहिले होते. जेवणही कालच सांगून ठेवलं होतं, आणि आता म्हणे नुसत्या भाकरी द्या!

"का वो? आमच्या हातचं चालत न्हाय?" सारजानं दारातूनच विचारलं. तिचं डोकं सणकलं होतं. पक्षी बघायला येणाऱ्यांना ती दोन वर्षं रांधून घालत होती. तिच्या चुलीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

शमशाद ओशाळली. "तसं नाही, मावशी. कोंबडी कुणी कापली ते विचारायला संकोच वाटला."

"इचारायचं की! आमच्यात मुलाण्याबिगर कोंबडं कापत न्हाईत. जत्रंच्या बकऱ्यावर बी हुसेनतात्यांचीच सुरी फिरती, मग आमी खातो."

शमशाद मोकळं हसली. डबा बाजूला सारला. सारजानं तीन ताटं वाढली, तरी तिची धुसफूस चालूच होती.

ती आत आली. मल्हार हात धूत होता.

"कोंबडं कापल्याचा हुसेनतात्यांचा वाटा पोच केलास न्हवं?" तिनं विचारलं.

"कसला वाटा? मीच कापलं. आता मुलाण्याला बोलवायचं न्हाय, आमी पोरांनी ठरवलंय."

मुंबईत दंगल पेटली तेव्हापासून त्याच्या तोंडी हे असलं काहीबाही येऊ लागलं होतं.

"आरं, त्या खायाला बसल्यात!"

"खाऊ दे. त्यांना कुठं कळतंय?" तो चक्क हसला.

सारजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या थोबाडीत द्यायला उचललेला हात तसाच आवरून ती बाहेर धावली. शमशाद लेकीसाठी घास करत होती. सारजानं तिन्ही ताटं ओढून घेतली.

"खाऊ नगा. कालवणात पाल पडलीया."

शमशादनं मुलीचा हात पदरानं पुसला. तिची नजर चुलीवर, काळ्या भिंतीवर, सारजाच्या नखांवर फिरून आली. मग तिनं डबा पुन्हा पुढे ओढला.

"भाकरी देते की, ताजी हाय," सारजा म्हणाली.

"नको, मावशी. आमचं आहे तेवढं पुरेल."

सारजा आत आली. पातेलं तिनं मल्हारसमोर आदळलं.

"खा. समदं तूच खा."

मल्हारनं झाकण उचललं, पळी फिरवून बघितली.

"ह्यात पाल कुठं हाय, आये?"

सारजा त्याच्याकडे बघतच राहिली.